नगरपालिकेच्या कामाला सल्लागार नेमताना: पहिल्या टिपणीपासून शेवटच्या बिलापर्यंत

पाणी योजना असो, भुयारी गटार असो की नवी भाजी मंडई, नगरपालिकेच्या मोठ्या कामात पहिला पैसा खर्च होतो तो सल्लागारावर. कामाच्या कोटींच्या आकड्यापुढे त्याची फी किरकोळ दिसते, म्हणून सभेत तो विषय ‘मंजूर, मंजूर’ म्हणत दोन मिनिटांत उरकतो. ठेकेदाराचे टेंडर निघाले की मात्र सगळे जागे होतात. तोवर टाकी कुठे बसणार, पाइप किती व्यासाचा, खोदाई मुरमात धरायची की खडकात, हे कागदावर ठरून गेलेले असते. डीपीआर, म्हणजे सल्लागाराने तयार केलेला सविस्तर प्रकल्प अहवालच, चुकला असेल, तर चांगला ठेकेदार ते चुकीचे काम चोख करून देतो आणि मोकळा होतो.

सातारा-सांगली पट्ट्यातल्या नगरपालिका, नगरपंचायतींचे कनिष्ठ अभियंते, पहिल्यांदाच निवडून आलेले नगरसेवक आणि कराड, विटा, मिरज अशा ठिकाणी स्वतःचे कन्सल्टन्सी ऑफिस थाटलेले तरुण अभियंते, या तिघांना समोर ठेवून हे लिहितो आहे.

आधी घरात पाहा

सल्लागार खरोखर लागतो का, हे आधी ठरवा. ग्रामपंचायतीचा अंतर्गत रस्ता, गटार, अंगणवाडीची खोली यांना बाहेरचा माणूस लागत नाही. पंचायत समितीच्या उपअभियंत्याकडून अंदाजपत्रक आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडून तांत्रिक मान्यता, एवढ्यावर काम भागते. नगरपालिकेला पाणी आणि गटारांसाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आहे. ते फी घेऊन योजना आखून देते आणि राबवूनही देते. कराडशेजारच्या मलकापूरची चोवीस तास पाणी योजना पाहायला लांबून लोक येतात, तीही प्राधिकरणाच्या हातून उभी राहिली. इमारतीचे काम ठेव अंशदान तत्त्वावर (कामाचा पैसा आधी जमा करून) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे सोपवता येते. मातीची चाचणी, जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट किंवा कुणी केलेल्या डिझाइनची फेरतपासणी एवढेच हवे असेल, तर सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय जवळच आहे.

हे सगळे पाहूनही बाहेरचा सल्लागार लागत असेल, तर तसे टिपणीत लिहून ठेवा. कार्यालयात किती अभियंते आहेत, त्यांच्याकडे किती कामे आहेत, या कामातले कोणते कौशल्य त्यांच्याकडे नाही, हे सारे त्यात यावे. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा पहिला आक्षेप इथेच येतो: अभियंता पगारावर असताना बाहेर फी का दिली? याचे उत्तर नेमणुकीच्या आधीच्या तारखेचे असले पाहिजे. नंतर घातलेला कागद लेखापरीक्षकाला वासावरून कळतो.

पैसा ज्याचा, नियम त्याचे

काम नगरपालिकेचे असले तरी पैसा कुठून येतो त्यावर नेमणुकीची पद्धत ठरते. अमृत २.० किंवा स्वच्छ भारत (नागरी) २.० मधून काम असेल, तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू होतात. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना किंवा जिल्हा नियोजन समितीचा निधी असेल, तर त्या त्या शासन निर्णयाच्या अटी पाळायच्या. जागतिक बँकेचे कर्ज असेल, तर बँकेची स्वतःची खरेदी पद्धत आहे आणि तिच्यात पळवाट नाही. स्वनिधी असला तरी मोकळे रान नसते. महापालिकेला १९४९ चा अधिनियम, नगरपरिषद-नगरपंचायतीला १९६५ चा, आणि दोघांनाही राज्याच्या खरेदी व ई-निविदेच्या सूचना आहेतच. उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका टेबलावर ठेवा आणि तिच्यात पुढे झालेल्या दुरुस्त्याही तिच्याबरोबर लावून ठेवा.

केंद्राचे सामान्य वित्तीय नियम, २०१७ सल्लागार सेवांबद्दल बरेच स्पष्ट आहेत. राज्याच्या पैशातून काम होत असले तरी ते वाचावेत असे माझे मत आहे. सल्लागाराचे काम २५ लाखांपर्यंतचे असेल तर चौकशी करून संभाव्य सल्लागारांची यादी करता येते, त्यापुढे जाहीर सूचना लागते. पात्र यादीत किमान तीन नावे असावी लागतात. एकाच सल्लागाराला थेट काम द्यायचे असेल, तर सबळ कारण लेखी द्यावे लागते आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ‘पूर्वी यांनीच काम केले आहे’ एवढे कारण पुरत नाही.

योजनेच्या शासन निर्णयात आणखी एक ओळ शोधा. सल्लागाराची फी प्रकल्पाच्या खर्चात किती टक्क्यांपर्यंत धरता येते, ते तिथे दिलेले असते. त्यापेक्षा जास्त फी ठरली, तर फरक नगरपालिकेच्या तिजोरीतून जातो आणि तिजोरी कशी असते ते आपल्याला माहीत आहे. राज्यस्तरावर सल्लागारांचे पॅनेल तयार असेल, तर त्यातूनच घ्यायचे की स्वतः निविदा काढता येते, हेही तिथेच कळते.

कार्यकक्षा: इथे वेळ घालवा

निविदेतले बाकीचे कागद एकमेकांच्या नकला असतात. कार्यकक्षा, म्हणजे सल्लागाराने नेमके काय काय करायचे त्याची यादी, मात्र तुमच्या गावाची हवी. बहुतेक ठिकाणी ती चार ओळींत आटोपते: ‘सर्वेक्षण करणे, संकल्पन करणे, अंदाजपत्रक तयार करणे, तांत्रिक मान्यता घेणे.’ एवढ्या कागदावर सल्लागार ऑफिसात बसून उपग्रह नकाशावर रेघा ओढेल, आणि करारनाम्याप्रमाणे त्याचे काही चुकलेलेही नसेल.

सांगली, मिरज, कुपवाडचे उदाहरण घ्या. कृष्णेचा पूर २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शहरात शिरला. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या पंपगृहाचे संकल्पन मागवताना ‘पूरपातळी विचारात घ्यावी’ असे मोघम लिहून चालणार नाही. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. विजेचे पॅनेल, ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर यांची जोत्याची पातळी लाल रेषा किंवा २०१९ चे पाणी, यांपैकी जे वर असेल त्याच्याही वर हवी, आणि किती वर हवी तो आकडा कार्यकक्षेत लिहा. पुराच्या काळात तिथे पोचायचा रस्ता कोणता, हेही सल्लागाराकडूनच मागा. पंप कोरडा राहिला पण माणूस पोचू शकला नाही, तर शहर तहानलेलेच राहणार.

दुसरी गोष्ट माती. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पाया फसतो, उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात माती फुगते. ‘आवश्यकतेनुसार माती परीक्षण’ असे लिहिले की एक खड्डा घेऊन अहवाल येतो. टाकीसाठी किती बोअर, किती खोलीचे, कुठे, ते ठरवून लिहा. अहवालासोबत जागेवरचे फोटो मागा.

तिसरी गुंठेवारी, म्हणजे मंजूर आराखड्याविना गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनींवरची वस्ती. सांगलीच्या उपनगरांत रस्ते नकाशावर वेगळे आणि जमिनीवर वेगळे आहेत. तिथे गटाराचे सर्वेक्षण गल्लीगल्लीतून चालत, प्रत्येक चौकातली आणि वळणावरची पातळी घेऊनच व्हायला हवे. सर्वेक्षणाचे किमान बिंदू ठरवून द्या.

साताऱ्याला प्रश्न वेगळे आहेत. २०२० मध्ये शहराची हद्दवाढ झाली आणि शाहूपुरीसारखा भाग आत आला. २०११ च्या जनगणनेत जुन्या हद्दीची लोकसंख्या १ लाख २० हजारांच्या आसपास होती. कुणी तोच आकडा पायाला धरून ३० वर्षांचा अंदाज काढला, तर सगळी योजना कागदावरच तोकडी पडेल. म्हणून आधारभूत लोकसंख्या कोणत्या हद्दीची धरायची, हे नगरपालिकेने सांगायचे, सल्लागारावर सोडायचे नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथल्या कामात परवानगीची वाट पाहण्यातच वर्ष निघून जाते, म्हणून तो कालावधी वेळापत्रकात आधीच धरा.

आता परवानग्या. पुणे-बेंगळुरू महामार्ग ओलांडून पाइप न्यायचा तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, रेल्वेखालून न्यायचा तर रेल्वे, धरणातून पाणी उचलायचे तर जलसंपदा विभागाचे पाणी आरक्षण, मलनिस्सारण केंद्राला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. यातला प्रत्येक प्रस्ताव कोण तयार करणार, शुल्क कोण भरणार आणि पाठपुरावा कोण करणार, ते तीन रकान्यांच्या तक्त्यात लिहा. ‘सर्व आवश्यक परवानग्या घेणे’ ही ओळ लिहिली की ते काम कुणाचेच नसते. टाकीच्या आणि केंद्राच्या जागेचा सातबारा मात्र नगरपालिकेने निविदेच्या आधीच तपासावा. जागा वादात असलेली योजना डीपीआर कितीही देखणा असला तरी उभी राहत नाही.

फी: टक्के की ठोक?

आपल्याकडे सवय टक्केवारीची आहे. अंदाजपत्रकाच्या अमुक टक्के फी. हिशेब सोपा, पण सल्लागाराला अंदाजपत्रक फुगवण्यात फायदा होतो. व्यास एक साइज वाढवला, खडकाचे प्रमाण जरा जास्त धरले, की फी आपोआप वाढते. सगळे असे करतात असे माझे म्हणणे नाही, पण पद्धतच तसे करायला बसवलेली आहे.

सर्वेक्षण आणि डीपीआरसाठी ठोक रक्कम ठरवावी, असे मला वाटते. कामाचा आवाका माहीत असेल तर ती ठरवता येते. माहीत नसेल, तर प्रति किलोमीटर सर्वेक्षण, प्रति बोअर असे दर मागवा. टक्केवारी टाळता येत नसेल, तर तांत्रिक मान्यतेची रक्कम आणि ठेकेदाराच्या मंजूर निविदेची रक्कम, यांतल्या कमी रकमेवर ती लावा आणि वरची मर्यादाही घाला. देखरेखीची फी महिन्यांवर काढा, आणि कोणता माणूस किती दिवस जागेवर हजर राहणार ते त्यात नोंदवा.

अगदीच कमी दर आला तर आनंदून जाऊ नका. दरपृथक्करण मागा: सर्वेक्षणाला किती माणसे, किती दिवस, बोअरचा खर्च किती. त्या रकमेत नुसते सर्वेक्षणही होत नसेल, तर डीपीआर दुसऱ्या गावाच्या फाइलमधून निघणार हे उघड आहे.

जीएसटीचा मुद्दा निविदेतच मिटवा. घटनेच्या २४३-जी (पंचायती) किंवा २४३-डब्ल्यू (नगरपालिका) कलमाखालच्या कामांसाठी स्थानिक संस्थेला दिलेली, साहित्याचा पुरवठा नसलेली निव्वळ सेवा करमुक्त आहे. दर करासह की कराविना हे लिहिले नाही, तर एकजण १८ टक्के धरून दर भरतो, दुसरा न धरता, आणि तुलनात्मक तक्ता करताना वाद सुरू होतो.

जाहिरात आणि निविदापूर्व बैठक

महाटेंडर्सवर (राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर) दोन लिफाफ्यांची निविदा, पहिला तांत्रिक, दुसरा दराचा. मुदत किमान तीन आठवडे ठेवा. दिवाळीच्या आठवड्यात काढून सोमवारी बंद होणारी निविदा कुणासाठी आहे, हे गावात सगळ्यांना कळते.

पात्रतेच्या अटी लिहिताना कामाच्या आकाराकडे बघा. दोन कोटींच्या मंडईच्या आराखड्याला पाच कोटींची वार्षिक उलाढाल मागितली, तर सांगली-साताऱ्यातले चांगले अभियंते बाहेर राहतात आणि पुण्या-मुंबईची फर्म काम घेऊन ते याच अभियंत्यांकडून पोटकंत्राटात करून घेते. त्याच प्रकारच्या पूर्ण झालेल्या एका-दोन कामांचा अनुभव पुरतो, फक्त ‘पूर्ण झालेले’ हा शब्द ठेवा. डीपीआर सादर केला म्हणजे काम झाले असे धरू नका. त्यावर काम उभे राहिले का, ते विचारा. इमारतीसाठी वास्तुविशारदाची नोंदणी तपासा. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाखाली वास्तुकला परिषदेकडे नोंद असल्याशिवाय कुणाला तो हुद्दा लावता येत नाही. अभियंत्यांसाठी तसा केंद्रीय कायदा नाही, त्यामुळे तिथे माणसाचा अनुभव आणि त्याने केलेली कामे हाच आधार.

निविदापूर्व बैठक केवळ उपचार म्हणून घेऊ नका. सगळ्यांना जागेवर न्या. कोण बूट घालून नाल्यात उतरतो आणि कोण गाडीत बसून फोटो काढतो, ते दिसते. त्यावर गुण देता येत नाहीत, पण प्रश्न कोण कसले विचारतो ते इतिवृत्तात येते. दिलेली सगळी उत्तरे शुद्धिपत्रक म्हणून सर्वांसाठी संकेतस्थळावर टाका. एकाला तोंडी सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला कळली नाही, तर पुढे तक्रारीला आयते कारण मिळते.

गुण कसे द्यायचे

सर्वांत कमी दराला काम देण्याची सवय ठेकेदाराच्या निविदेतून आली. नकाशे, मोजमापे आणि साहित्याचा दर्जा ठरलेला असेल तेव्हा ती चालते. सल्लागाराने तर तेच ठरवायचे असते. म्हणून गुणवत्ता आणि दर दोन्ही धरून निवड करायची, तिला क्यूसीबीएस (क्वालिटी अँड कॉस्ट बेस्ड सिलेक्शन) म्हणतात. केंद्राच्या नियमानुसार तांत्रिक गुणांचा वाटा ८० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

काल्पनिक आकड्यांवर हिशेब करून पाहू. तीन फर्म आहेत. पहिलीला तांत्रिक गुण ८८, दर १८ लाख. दुसरीला ७६, दर १४ लाख. तिसरीला ७१, दर १२ लाख. दराचे गुण काढताना सर्वांत कमी दराला १०० द्यायचे आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात: पहिलीला ६६.६७, दुसरीला ८५.७१, तिसरीला १००. वाटा ७०:३० ठेवला तर पहिलीचे एकूण ८१.६, दुसरीचे ७८.९१, तिसरीचे ७९.७. काम पहिलीला. वाटा ६०:४० केला की पहिली ७९.४७, दुसरी ७९.८९ आणि तिसरी ८२.६. काम तिसरीला. म्हणजे वाटा बदलला की निकाल उलटतो. म्हणून वाटा, किमान पात्रता गुण आणि प्रत्येक निकषाचे गुण निविदेतच छापलेले हवेत. ‘समिती ठरवेल’ असे लिहिलेली निविदा कोर्टात टिकणे अवघड.

सर्वांत जास्त गुण माणसांना द्या, फर्मच्या नावाला नको. इथे एक नेहमीची गंमत सांगतो. तीन लिफाफे उघडावेत आणि तिन्हीत स्ट्रक्चरल अभियंता एकच निघावा. त्या माणसाला विचारले तर त्याला दोन ठिकाणची खबरही नसते. म्हणून प्रत्येक बायोडेटावर त्या व्यक्तीची सही, ताज्या तारखेचे संमतिपत्र आणि ‘या कामासाठी दुसऱ्या कुणाकडे नाव दिलेले नाही’ असे हमीपत्र मागा. सादरीकरण टीम लीडरनेच करायचे, ही अट घाला. गोड बोलणारा मार्केटिंगवाला दहा मिनिटांत सभागृह जिंकतो आणि पुन्हा कधी दिसत नाही. टीम लीडरला एकच प्रश्न विचारा: आमच्या गावात या कामाची सगळ्यात अवघड जागा कोणती? जो गाव फिरून आला आहे, तो लगेच एखाद्या चौकाचे किंवा नाल्याचे नाव घेतो.

समितीतल्या प्रत्येकाने स्वतंत्र गुणपत्रक भरून सही करावी, बेरीज नंतर. दराचा लिफाफा तांत्रिक निकाल जाहीर झाल्यावरच उघडायचा. नगरपरिषदेत ठरावाविरुद्ध कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला की फाईल तिथे अडकते. तेव्हा हीच सुटी गुणपत्रके कामाला येतात.

करारनामा

फीचे टप्पे कामाच्या निष्पत्तीला बांधा. मी असे ठेवेन: सर्वेक्षण आणि माती अहवाल तपासून स्वीकारल्यावर १५ टक्के, डीपीआरचा मसुदा स्वीकारल्यावर २०, तांत्रिक मान्यता मिळाल्यावर ३०, ठेकेदाराची निविदा मंजूर झाल्यावर १५, काम अर्ध्यावर आल्यावर १० आणि काम पूर्ण होऊन प्रत्यक्ष कामाचे नकाशे दिल्यावर शेवटचे १०. नगरपालिकेकडूनही अडवणूक नको. अहवाल आल्यावर तो तपासून कळवायला किती दिवस, हे नगरपालिकेलाही बांधील करा. शासनाने निधीच दिला नाही तर सल्लागाराचे केलेल्या कामाचे पैसे बुडणार नाहीत, असे कलम असेल तरच चांगली माणसे येतात.

नकाशे आणि हिशेब नगरपालिकेच्या मालकीचे, आणि तेही बदल करता येतील अशा मूळ फाइलमध्ये. नुसती पीडीएफ दिली की पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला त्याच दारात जावे लागते. ठरलेला माणूस बदलायचा असेल तर तेवढ्याच अनुभवाचा पर्याय आणि लेखी परवानगी लागेल असे लिहा. सल्लागार किंवा त्याच्या नात्यातली फर्म त्याच कामाच्या ठेक्यात येणार नाही, हेही लिहा. संकल्पनातल्या चुकीमुळे ठेकेदाराला जादा बाब द्यावी लागली किंवा परिमाण क्लॉज ३८ पर्यंत (निविदेपेक्षा बरेच जास्त काम झाले की लागणाऱ्या ठेक्याच्या कलमापर्यंत) गेले, तर कारणमीमांसा सल्लागाराने लेखी द्यायची आणि दोष त्याचा ठरला तर फीतून कपात. मोठ्या कामात व्यावसायिक दायित्व विमा (सल्लागाराच्या चुकीने झालेले नुकसान भरून देणारा) मागा.

डीपीआर हातात आल्यावर

जाड बाइंडिंग बघून सही करू नका. आधी पीडीएफमध्ये शेजारच्या तालुक्यांची आणि इतर जिल्ह्यांच्या गावांची नावे शोधा. कॉपी असेल तर एखादे नाव राहिलेले सापडतेच. मग लोकसंख्येचा तक्ता, दरडोई रोज १३५ लिटर पाण्याचा हिशेब, गटारात त्यातले ८० टक्के पाणी धरले आहे का, हे पाहा. दरसूची चालू वर्षाची आहे का, ते पाहा.

त्यानंतर जागेवर जा. सर्वेक्षणातले पाच बिंदू आपण निवडायचे, सल्लागाराने नाही. ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (मापाची पट्टी) घेऊन जवळच्या कायम बेंचमार्कपासून, म्हणजे पातळी माहीत असलेल्या पक्क्या खुणेपासून, पातळी आणायची. गटाराच्या उतारात चार-पाच सेंटिमीटरचा फरकही पाणी उलटे फिरवायला पुरतो. दोन बिंदू जुळले नाहीत, तर अहवाल परत पाठवा आणि त्या पट्ट्याचे सर्वेक्षण पुन्हा करायला सांगा. ही तपासणी अर्ध्या दिवसाची आहे. तिची नोंद फोटोसह फाइलला लावली, तरच पहिल्या टप्प्याचे बिल पुढे सरकवा.

नगरसेवकांनी आणि नागरिकांनी एवढे करावे: सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, कार्यकक्षा आणि गुणांचा तक्ता मागून घ्यावा. माहिती अधिकारात तो मिळतो. नुसते ‘फी किती दिली’ विचारण्यापेक्षा ‘किती बोअर घेतले आणि कुठे’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आणि तरुण अभियंत्यांसाठी: डिजिटल सिग्नेचर आणि महाटेंडर्सची नोंदणी निविदा आल्यावर करायला धावू नका. प्रत्येक लहान कामाचे अनुभव प्रमाणपत्र काम संपल्याच्या महिन्यातच घ्या, त्यात रक्कम, कालावधी आणि तुमची भूमिका येऊ द्या. अधिकारी बदलून गेला की ते मिळायला वर्ष जाते. उलाढाल कमी पडत असेल तर मोठ्या फर्मबरोबर संयुक्त भागीदारीत उतरा, पण करारनाम्यात तुमचे नाव आणि वाटा लिहून घ्या. सर्वेक्षण तुम्ही करायचे आणि प्रमाणपत्र त्यांच्या नावावर, असल्या व्यवहारात पुढच्या निविदेला तुमच्या हाती काही उरत नाही.